अडखळत वाचलं तर चालेल का?

प्रश्न : बाई, नमस्कार. मी मूळची पाचोऱ्याकडची, आता नाशिकला मुलाकडे राहते. शिक्षण सातवीपर्यंत. मुलगा-सून दोघंही सातपूरला कंपनीत जातात, अडीच वर्षांची नात दिवसभर माझ्यापाशी असते. सुनेनं चित्रांची पुस्तकं आणून दिलीत, वाचून दाखवा म्हणते. मी वाचते, पण अडखळते. मध्येच आमची अहिराणी तोंडात येते. त्यात नात दुसऱ्या पुस्तकाला हात लावू देत नाही, किती दिवस झाले, एकच चाललंय. मुलगा म्हणतो, त्यापेक्षा मोबाइलवर गोष्ट लावून दे, उच्चार तरी शुद्ध कानावर पडतील. माझ्या वाचण्यानं पोरीचं नुकसान तर होत नाही ना? शिवाय पुस्तकं महागही पडतात.

उत्तर : ताई, खुशाल वाचा. मुलाची मोबाइलची सूचना आधी निकालात काढते, कारण ती मी पालकसभांमध्ये फार ऐकली आहे. 2003 मध्ये अमेरिकेत पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांपुढे चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसली, त्यांच्याशी खेळली, पुस्तकं वाचली. काहींना तेच सगळं पडद्यावर दाखवलं. अशा बारा बैठका झाल्या. ज्यांच्यासमोर माणूस होतं, त्या बाळांना चिनीतले बारीक ध्वनिभेद ओळखता येऊ लागले. पडद्यावाल्यांच्या पदरात काही पडलं नाही. उच्चार तर दोन्हीकडे अस्सलच होते! जागतिक आरोग्य संघटनेनंही 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडदा दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि कमी तितकं बरं, असं सांगितलं आहे. बसल्या वेळी मोठ्यांनी वाचून दाखवावं, गोष्टी सांगाव्यात, असंही त्यात आहे. मुलाला हा परिच्छेद वाचून दाखवा. अडखळलात तरी चालेल.

आता अडखळण्याचं. अडीच वर्षांच्या पोरीला वेग नकोच असतो. बालवाडीत नव्यानं आलेल्या शिक्षिका घडाघडा वाचायच्या आणि मुलं खिडकीबाहेर बघत बसायची. थांबायचं कसं, हे त्यांना मुद्दाम शिकवावं लागायचं. तुम्ही थांबता तेव्हा ती चित्र बघते, बोट ठेवते, पुढचा शब्द स्वतःच म्हणून टाकते. 1988 मध्ये न्यूयॉर्ककडे ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या मंडळींनी दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना एवढंच शिकवलं : नुसतं वाचत सुटू नका, मध्ये विचारा, मूल बोललं की त्यात थोडी भर घाला. इतर पालक आपले नेहमीसारखं वाचत राहिले. महिन्याभरात पहिल्या घरांतली मुलं बोलण्यात चांगलीच पुढे गेलेली दिसली.

विचारायचं कसं? ‘हे काय आहे?’ म्हटलं की ‘हत्ती’ म्हणून पोरगी मोकळी होते. ‘हत्ती काय करतोय?’ विचारा. ती ‘पाणी’ म्हणाली की तुम्ही म्हणा, ‘हो, सोंडेनं पाणी उडवतोय, सगळं अंग भिजलं त्याचं.’ झालं. परीक्षा घेऊ नका, पाहुण्यांसमोर तर मुळीच नको. ‘आजीला सांग बरं, हा कोण’ असं चारचौघांत चाललं की मुलं पुस्तकावरच रुसतात.

अहिराणीचा संकोच कशाला? ‘काय करी राहिना हत्ती?’ असं विचारलंत म्हणून तिची मराठी बिघडत नाही. आजी कशी बोलते आणि आई कशी, हे मुलं फार लवकर ओळखतात. फक्त छापलेलं वाक्य गाळू नका. ते एकदा जसंच्या तसं वाचा, मग अहिराणीत हवं तेवढं बोला. त्याचं कारण सांगते. घरात दिवसभर आपण काय बोलतो? जेव, झोप, हात धू, पडशील. वाघ दबा धरून बसला, हरणाला चाहूल लागली, रान घनदाट होतं, असलं कुणी स्वयंपाकघरात बोलत नाही. हे शब्द पुस्तकातूनच कानावर पडतात. शाळेत गेल्यावर पाठ वाचताना ते ओळखीचे निघाले, तर मुलाचं अर्धं ओझं उतरलेलं असतं.

एकच पुस्तक पुन्हा पुन्हा मागते, ही तक्रार आईवडीलही करतात. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर हेच पाहिलं. काहींना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचली, काहींना वेगवेगळ्या. नवे शब्द दोघांच्याही कानावर सारख्याच वेळा पडले. तरी आठवड्यानंतर ते शब्द एकाच गोष्टीवाल्यांच्या जास्त लक्षात राहिले होते. पहिल्या वेळी मूल फक्त गोष्टीमागे धावतं, नंतर कुठे त्याला शब्दांकडे बघायला सवड मिळते, असं माझं मत. तुम्ही कंटाळणार, हे कबूल. माझ्याकडे एका मुलाला बैलगाडीचंच पुस्तक लागायचं आणि त्यातही चाकंच. मी एक पान चोरून उलटलं तर पठ्ठ्या मागे जाऊन ते काढायचा.

अक्षरं शिकवायची घाई मात्र सुनेलाही करू देऊ नका. वाचताना ओळीखाली बोट फिरवा, तेवढं पुरे. ओळ डावीकडून उजवीकडे जाते आणि आजी त्या काळ्या खुणांमधूनच बोलते, हे तिला त्यातून उमगतं.

पुस्तकं महाग पडतात, असं पत्राच्या शेवटी लिहिलंय. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तकं स्वस्त असतात. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय तर 1840 पासून आहे, तिथे मुलांच्या पुस्तकांची चौकशी करा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात. सुनेला छापून आणायला सांगा, म्हणजे मोबाइल पोरीच्या हातात जायला नको. आणि रात्रीचं पुस्तक मुलाकडे सोपवा. शुद्ध उच्चारांची काळजी त्यालाच आहे ना!

प्रश्न : आमचं बाळ सात महिन्यांचं आहे. पुस्तक दाखवलं की सरळ तोंडात घालतं. वाचायला अजून लवकर आहे का? – एक बाबा, डोंबिवली

उत्तर : लवकर कसलं? गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत आईनं रोज मोठ्यानं वाचलेला उतारा नवजात बाळं ओळखतात, हे 1986 मध्येच प्रयोगातून दिसलं आहे. तुमचं बाळ तर सात महिने ऐकतंय. या वयात चाखणं हीच पुस्तकाची ओळख. जाड पुठ्ठ्याची पानं, गोल कोपरे आणि एका पानावर एकच मोठं चित्र असं पुस्तक घ्या. तीन-चार पानं झाली आणि बाळानं मान वळवली की मिटून ठेवा. चावून फारच ओलं होत असेल तर कापडी पुस्तकंही मिळतात, ती धुता येतात.