ऑटोगायरो डावीकडे का पलटतो? आधी रोटरला वारा पाजा

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: सव्वाआठशे ग्रॅमचा रिमोटवर उडणारा ऑटोगायरो (मोटरचा पंखा विमान पुढे ओढतो, आणि डोक्यावरचा रोटर मोटरशिवाय, नुसत्या वाऱ्यावर फिरून उचल देतो), एक मीटर व्यासाचा तीन पात्यांचा रोटर, वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरणारा. हब, म्हणजे पाती जोडणारा मधला भाग, ३ मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या पट्टीचं, पात्यांना २ अंश वरचा कोन, म्हणजे पुढची कड वर. पहाटे वारा पडलेला असताना फुल थ्रॉटल दिला आणि तिन्ही वेळा चाकं सुटता सुटता विमान डावीकडे आडवं झालं. उजवा ट्रिम (रिमोटवरून कायमचा दिलेला थोडा कल) देऊनही तेच. म्हणून उजव्या बाजूला वजन लावू का, असं विचारताय.

वजन लावू नका. विमान डावीकडे जड नाहीये. रोटरला वेग आलेला नसताना तुम्ही त्याला उचलायला लावताय, आणि हब इतकं ताठ आहे की पात्यांना स्वतःला सावरायला जागाच नाही. या दोन्ही गोष्टी सुटल्या की ट्रिमचा प्रश्न किरकोळ राहतो.

आकड्यांत बघा. एवढ्या वजनाला एक मीटरचा रोटर मिनिटाला ७०० च्या आसपास फेरे घेतो, म्हणजे पात्याचं टोक ताशी साधारण १३० किलोमीटरने फिरतं. विमान ३० ने पुढे जातंय असं धरा. तुमच्या रोटरमध्ये उजवीकडचं पातं पुढे येतं, त्याच्या टोकाला वारा लागतो १६० चा. डावीकडचं मागे जातं, त्याला १००. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे उजवीकडे अडीच पट. आता रोटर निम्म्याच वेगाने फिरत असेल तर काय होईल? उजवीकडे ९५, डावीकडे ३५. फरक सात पटींच्या वर गेला! ट्रिमच काय, अख्खी स्टिक उजवीकडे दाबलीत तरी विमान डावीकडेच जाणार. त्यात पंखा फिरवताना मोटर विमानाला उलट पिळते, ती ओढही डावीकडचीच, आणि फुल थ्रॉटल एकदम दिला की तीही एकदम येते.

हेच कोडं स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाला पडलं होतं. त्याची पहिली मोठी यंत्रं अशीच एका कुशीवर पडायची आणि रबराच्या पिळावर उडणारं छोटं मॉडेल मात्र झकास उडायचं. फरक कशात होता? मॉडेलची पाती वेताची होती, लवणारी. पुढे येणारं पातं वर उचललं जायचं, त्यामुळे त्याचा वाऱ्याशी कोन कमी व्हायचा आणि जादा उचल आपोआप गळायची. मागे जाणारं खाली यायचं आणि त्याची उचल वाढायची. मग त्याने मोठ्या यंत्राच्या पात्यांना मुळाशी बिजागऱ्या लावल्या आणि जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ गेताफेला त्याचं सी-४ नीट उडालं. मॉडेलने मोठ्या विमानाला शिकवल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही, म्हणून नवीन माणसाला मी ही गोष्ट हटकून सांगतो.

आपल्या आकाराला बिजागऱ्या लागत नाहीत, लवणारी पट्टी पुरते. पुण्यात तपकीर गल्लीत सर्किट बोर्डासाठीचा ग्लास इपॉक्सीचा तांबं चढवलेला पत्रा मिळतो, १.६ मिलिमीटर जाडीचा. फेरिक क्लोराइडमध्ये तांबं उतरवलं की हबसाठी उत्तम माल हाती येतो. त्यातून तीन हातांचा आकार कापा. हाताची रुंदी १८ मिलिमीटर, आणि मधल्या चकतीपासून पात्याच्या मुळापर्यंत ३५ मिलिमीटर भाग मोकळा ठेवा, लवणार तो तिथेच. हब टेबलाच्या कडेला घट्ट दाबून पात्याच्या टोकाला १०० ग्रॅम टांगलं की टोक चार-पाच सेंटीमीटर खाली यायला हवं. तुमच्या ॲल्युमिनियमच्या हबवर हा प्रयोग आधी करून बघा, ते जेमतेम हलेल.

भोकं पाडल्यावर कडा बारीक पॉलिश पेपरने घासा, आणि दर उड्डाणानंतर हब उन्हाकडे धरून भोकांभोवती बघा. धाग्यांमध्ये पांढुरकी रेष किंवा डाग दिसला तर तो पत्रा आतून सुटायला लागलाय. फेविक्विक ओतून तो बरा होत नाही, हब टाकून द्या. ताशी १३० ने सुटलेलं पातं कुणाच्या तोंडावर जाईल ते सांगता येत नाही. रोटर फिरत असताना डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि मदतनीस असेल तर त्याच्याही.

आता पात्यांचा कोन. २ अंश वरचा कोन तुम्ही उचल वाढावी म्हणून दिलात, हे समजू शकतं. पंखाला तो शोभतो, पण मोकळा फिरणारा रोटर त्याने सुरूच होत नाही. सपाट बुडाची पाती असतील तर पुढची कड दीड ते दोन अंश खाली हवी. ५ सेंटीमीटर रुंदीच्या पात्याला १ अंश म्हणजे ०.८७ मिलिमीटर, त्यामुळे मागच्या कडेखाली दीड मिलिमीटरची पाचर पुरेशी आहे. तिन्ही पाचरी एकाच पट्टीतून कापा. पाती सोनाराच्या काट्यावर तोला. वजन जुळलं तरी प्रत्येक पातं सुरीच्या धारेवर ठेवून तोल कुठे येतो तेही जुळवा, नाहीतर मास्ट, म्हणजे रोटर पेलणारा दांडा, थरथरते आणि सर्वोचे (रोटर झुकवणाऱ्या छोट्या मोटरचे) दात जातात.

माझा पहिला ऑटोगायरो मी नोव्हेंबरातल्या अशाच एका शांत सकाळी मोडला. पंधरा वर्षं साधी विमानं उडवून ‘वारा पडलाय म्हणजे उत्तम’ हे डोक्यात पक्कं बसलं होतं. ऑटोगायरोला नेमकं उलटं लागतं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये दुपार कलल्यावर पश्चिमेचा वारा सुटतो, तो याच्या कामाचा. दिवे घाट चढून गेल्यावर एका ओळखीच्या शेतकऱ्याचं ज्वारी काढलेलं रान आहे. तिथे चोपून घेतलेल्या पट्टीवर ताशी १२ ते १५ किलोमीटरच्या एकसारख्या वाऱ्यात मी दुसरा उडवला. झोत येत असतील तर मात्र थांबा, एकसारखेपणा महत्त्वाचा. शहरात मैदान मोकळं दिसलं म्हणून उडवू नका. लोहगावला हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला एनडीए. निघण्याआधी डिजिटल स्कायचा, म्हणजे कुठे उडवायला मनाई आहे ते दाखवणारा सरकारी नकाशा बघायची सवय लावा.

उडवण्याआधी रोटर हातात अजमावा. मास्टचा वरचा भाग दीड मीटरच्या काठीच्या टोकाला बांधून, सोसायटीच्या बंद रस्त्यावर भाच्याच्या ॲक्टिव्हावर मागे बसून मी हे केलं होतं. हेल्मेट घालून, काठी उंच आणि जरा मागे कलती धरून. ताशी १५ ला पाती नुसती घरंगळत होती. २५ च्या पुढे आवाज बदलला, फट्‌ फट्‌ वेगळं ऐकू येईना, एकसंध घरघर झाली आणि काठी हातातून वर ओढायला लागली. ती ओढ एकदा हाताला कळली की रोटर तयार झालाय हे पुढे कानानेच समजतं. काठी एका बाजूला झुकत असेल तर हब अजून ताठ आहे किंवा एक पातं वेगळ्या कोनात आहे.

मैदानावर क्रम असा ठेवा. विमान वाऱ्याला तोंड करून हातात धरा, नाक वर करून रोटरची चकती तीसेक अंश मागे झुकू द्या, बोटाने एक टिचकी द्या आणि थांबा. अर्धा मिनिट लागेल, कधी जास्त. घाई होते ती इथेच. पाती वेगळी दिसायची बंद झाली की विमान खाली ठेवा, स्टिक पूर्ण मागे, आणि चालत्या माणसाच्या वेगाने पुढे न्या. घरघर चढली की थ्रॉटल थोडा, पुन्हा थोडा. पुढचं चाक हलकं होऊन जमिनीवर नाचायला लागेल, तेव्हा स्टिक किंचित सैल सोडा. तुम्ही उचलू नका, ते आपण होऊन सुटतं. सुटताना डावी कुशी खाली जाताना दिसली तर ताबडतोब थ्रॉटल बंद. वीतभर उंचीवरून पडून काही मोडत नाही.

हवेत एकच गोष्ट कटाक्षाने टाळा: स्टिक झटक्याने पुढे ढकलणं. रोटरमधून हवा खालून वर जात असते, त्यावरच तो फिरतो. नाक एकदम खाली घातलंत की भार उतरतो, फेरे गळतात आणि ते परत यायला उंची पुरत नाही. खाली यायचं असेल तर थ्रॉटल कमी करा, नाक तसंच ठेवा. विमान तिरकं, बरंच उभं उतरतं. पहिल्यांदा पोटात गोळा येतो, पण कंबरभर उंचीवर स्टिक मागे घेतली की रोटर ब्रेकसारखा धरतो आणि विमान जवळजवळ जागेवर टेकतं.

एवढं करूनही थोडी डावी ओढ उरली तर मास्टच्या बुडाखाली डाव्या बाजूला एक मिलिमीटरची चकती घाला, म्हणजे रोटर जरासा उजवीकडे झुकेल. पण ते सगळ्यात शेवटी. आधी हब बदला, पाचरी उलट्या करा, आणि काठीवर रोटर कुठल्या बाजूला ओढतोय ते कळवा.