ॲड्रेनलिन पेशीत शिरत नाही, मग निरोप आत कसा पोचतो?

तुमचा प्रश्न असा: घाबरल्यावर ॲड्रेनलिनमुळे यकृतातून साखर सुटते, पण ते पेशीपटल ओलांडत नाही, मग आत जातं काय?

आत काहीच जात नाही. पटलात आरपार बसलेल्या एका प्रथिनाला (रिसेप्टरला) बाहेर चिमटा बसतो आणि त्याचं आतलं टोक हलतं, एवढंच. कुलूप-किल्लीची उपमा इथे अर्धवट आहे. कोण बसणार हे ती सांगते, बसल्यावर काय होतं ते नाही.

ॲड्रेनलिनला धरणारा बीटा-2 रिसेप्टर म्हणजे 413 अमिनो आम्लांची एकच साखळी. पटलाचा साधारण 3 नॅनोमीटर जाडीचा तेलकट थर ती सात मळसूत्री दांड्यांनी आरपार ओलांडते. बाहेरच्या खोबणीत ॲड्रेनलिन बसलं की तिसरा दांडा त्याचं नायट्रोजनचं टोक धरतो, तर पाचवा त्याच्या कड्यावरचे हायड्रॉक्सिल. पाचवा जेमतेम 0.2 नॅनोमीटर आत कलतो, पण तेवढ्याने सहाव्याचं आतलं टोक सुमारे 1.4 नॅनोमीटर बाहेर फाकतं. त्या फटीत जी-प्रथिनाच्या (पटलाच्या आतल्या बाजूला असलेल्या, निरोप पुढे नेणाऱ्या प्रथिनाच्या) अल्फा भागाचं शेपूट शिरतं. ते शिरल्याशिवाय फट नीट टिकतही नाही.

मग अल्फाची पकड सैल होऊन त्याने धरलेला जीडीपी (दोन फॉस्फेटचा छोटा रेणू) गळतो आणि जीटीपी (तीन फॉस्फेटचा) बसतो. परीक्षेत हमखास चुकतं ते इथेच: जीडीपीला फॉस्फेट जोडला जात नाही, अख्खा रेणू बदलतो. पेशीत जीटीपी कितीतरी जास्त असतो, म्हणून तोच बसतो. सुटा झालेला अल्फा ॲडेनिलिल सायक्लेज या एन्झाइमला चालना देतो, एटीपीपासून चक्रीय एएमपी हा आतला निरोप्या रेणू बनतो, त्याचे चार रेणू प्रोटीन कायनेज-ए या एन्झाइमचे दोन कार्यकारी भाग मोकळे करतात आणि पुढे दोन एन्झाइमांनंतर ग्लायकोजेन, म्हणजे यकृतात साठवलेली साखर, तुटू लागतं. (यकृतात ॲड्रेनलिनचा अल्फा-1 नावाचा वेगळा रिसेप्टरही आहे, त्याची वाट कॅल्शियमची.)

इन्सुलिनला मात्र हे चित्र लावू नका. त्याच्या रिसेप्टरच्या दोन अर्ध्या भागांचा प्रत्येकी एकच दांडा पटलातून जातो. ते अर्धे जवळ येऊन एकमेकांच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतात.

बटण बंद होणंही तितकंच महत्त्वाचं. अल्फा स्वतःच जीटीपी तोडून थांबतो. कॉलऱ्याचं विष नेमकं तेच अडवतं: अल्फाच्या एका आर्जिनिनवर (हेही अमिनो आम्लच) एडीपी-रायबोज नावाचा गट चिकटवतं. मग आतड्याच्या पेशीत चक्रीय एएमपी साचतो, क्लोराइड बाहेर ओतलं जातं आणि मागोमाग पाणी. सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारं प्रथिन मात्र शाबूत असतं, म्हणून जलसंजीवनीत मिठाबरोबर साखर लागते.