पहिल्या ऑडिट पार्टीवर जाण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा ऑडिट खात्यात नोकरी लागल्याचे पेढे घेऊन आलीस तेव्हा घरात पाहुणे होते, बोलणं राहूनच गेलं. चपला घालता घालता तू विचारलंस, "काकू, ऑडिटवाले कुणाला पकडू शकतात का गं?" 34 वर्षं या खात्यात काढली, तरी दारात उभं राहून या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. म्हणून लिहितेय.

नाही पकडू शकत. कुणाला निलंबित करता येत नाही, दंड करता येत नाही, एखादं बिल अडवताही येत नाही. आपले प्रमुख म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग. पदनामात 'नियंत्रक' आधी येतं, पण तिजोरीतून पैसा सोडणं त्यांच्या हातात नाही. 1971च्या कायद्याने आपल्याला सरकारी कार्यालयात जाऊन दप्तर तपासण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा हक्क दिलाय. मिळालेली उत्तरं आणि न मिळालेली उत्तरं आपण लिहून ठेवतो. राज्याचा अहवाल राज्यपालांकडे जातो, तिथून विधिमंडळात मांडला जातो आणि मग आमदारांची लोकलेखा समिती संबंधित खात्याच्या सचिवांना समोर बसवून साक्ष घेते. एखाद्या तालुक्यात खुर्चीवर बसून तू लिहिलेला हाफ मार्जिन, म्हणजे कार्यालयाला विचारलेला लेखी प्रश्न, तिथवर पोचू शकतो. म्हणून तो लिहितानाच तिथे टिकेल असा लिही.

हे मला एका सरकारी रुग्णालयाच्या भांडारात कळलं. साठा नोंदवहीत एका यंत्रापुढे नोंद होती: 'प्राप्त, कार्यान्वित'. पुरवठादाराचं बिल चुकतं झालेलं, कागद सगळे जागच्या जागी. आमच्या पार्टीतले, म्हणजे तपासणी पथकातले, सीनियर सर म्हणाले, "बघून येऊ या." जिन्याखाली एक लाकडी खोकं होतं. खिळे तसेच, वर जुन्या गाद्या रचलेल्या. भांडारपाल बिचारे कसनुसे झाले. म्हणाले, "मॅडम, थ्री-फेजची लाइनच आली नाही, लावणार कुठे?" मी तिथल्या तिथे 'खोटी नोंद' असा मेमो लिहायला घेतला. सरांनी पेन थांबवायला लावलं. आधी रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांना बोलावून संयुक्त पाहणी केली, फोटो काढले, पाहणीच्या कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. मग विजेच्या जोडणीसाठी पत्रव्यवहार झाला होता का, ती फाइल मागवली. रुग्णालयाने तीन वेळा लिहिलं होतं, वरून उत्तरच आलं नव्हतं. हमीचा काळ खोक्यातच संपून गेला होता. पॅरा, म्हणजे आक्षेपाचा परिच्छेद, अहवालात गेला, पण त्यात भांडारपालांवर ठपका नव्हता. वीज नसताना यंत्र खरेदी करण्याचा निर्णय कुणी घेतला, हा प्रश्न होता. माझ्या मनासारखा मेमो गेला असता तर शिक्षा त्या माणसाला झाली असती, आणि पुढचं यंत्रही जिन्याखालीच राहिलं असतं.

एकदा मी घाई केलीही. रस्त्याच्या कामाच्या मेजरमेंट बुकात, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीत, चार महिन्यांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हातच्या दिसल्या. मापं घरबसल्या भरली, असं लिहून मोकळी झाले. उत्तरासोबत साइटवरची मूळ टिपणवही आली, तारखांसकट. पॅरा ड्रॉप झाला, म्हणजे मागे घ्यावा लागला. त्या तरुण इंजिनीअरचा चेहरा मला अजून आठवतो. संशय आला तर आधी कागद माग.

कार्यालयाची रचना तुला ट्रेनिंगमध्ये शिकवतील, म्हणून थोडक्यात लिहिते. पहिलं महालेखापरीक्षक पद इंग्रजी अमदानीत, 1860 सालचं. केंद्राचे हिशेब ठेवण्याचं काम 1976 मध्ये आपल्याकडून वेगळं झालं, बहुतेक राज्यांचं अजून आपल्याच खात्याकडे आहे. म्हणून लोक 'एजी ऑफिस', म्हणजे महालेखापालांचं कार्यालय, म्हणतात तेव्हा निम्मे वेळा त्यांना लेखा व हक्कदारीचं कार्यालय म्हणायचं असतं, जिथे राज्य कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन पाहतात. ते काम मुंबईतून होतं, विदर्भ-मराठवाड्याचं नागपुरातून. मुंबईत महर्षी कर्वे रस्त्यावरच्या आपल्या कार्यालयात कुणी म्हातारे शिक्षक पेन्शनचा कागद घेऊन चुकून तुझ्या टेबलापाशी आले, तर 'आमचं काम नाही' म्हणून परत पाठवू नकोस. योग्य खोलीपर्यंत सोबत जा.

नगरपालिका, जिल्हा परिषदांचे हिशेब तपासणारं स्थानिक निधी लेखा हे राज्य शासनाचं वेगळं खातं आहे, त्याची गल्लत करू नकोस.

घटना समितीत 1949 साली बाबासाहेबांनी महालेखापरीक्षकाला घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटलं होतं. म्हणूनच 148व्या कलमाने त्यांना पदावरून काढणं सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याइतकं कठीण केलंय. निवृत्तीनंतर त्यांना केंद्रात किंवा राज्यात सरकारी पद घेता येत नाही. परीक्षेपुरतं पाठ करून हे विसरू नकोस. कुठल्याशा कार्यालयात कुणीतरी तुझ्यावर आवाज चढवेल, "फाइल मिळणार नाही, कुणालाही सांगा" म्हणेल. तू नवखी असशील, परगावी असशील. तेव्हा आवाज न चढवता मागणीपत्र लेखी दे, पोच घे, तारीख टाक. फाइल दिली नाही, तर तेही अहवालात लिहिता येतं. चहा विचारतील तो घे, जेवणाचे पैसे मात्र स्वतःचे दे. मी डबाच न्यायचे.

एसएएसचा, म्हणजे बढतीसाठीच्या खातेपरीक्षेचा, अभ्यास रुजू झाल्या दिवसापासून धर. डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंत बसायला जागा मिळाली तर रोज दोन-चार पानं सहज होतात. माझ्या वित्तीय नियमांच्या वह्या माळ्यावर आहेत. काही नियम बदललेत, पण समासात लिहिलेली उदाहरणं उपयोगी पडतील. रविवारी ये, आपण दोघी मिळून काढू. येताना चष्मा आणि फडकं आण, धूळ फार आहे.

तुझी,
काकू