ओश, काशगर, ताक्लामाकान आणि पुढे कैलास: या बेताबद्दल

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे: पुण्याचे चार मित्र, सप्टेंबरअखेरीस सुरू होणारे तीन आठवडे, किरगिझस्तानातील ओशहून स्वतःच्या मोटारसायकलींवर चीनच्या पश्चिमेकडील शिनजियांगमध्ये प्रवेश, काशगर आणि ताश्कुर्गान पाहणे, ताक्लामाकान वाळवंट ओलांडणे आणि शेवटी येचंगहून जी २१९ महामार्गाने कैलास-मानसरोवर गाठणे. यांपैकी काशगर, ताश्कुर्गान आणि वाळवंट एवढा भाग उत्तम जमण्यासारखा आहे. मोटारसायकली आणि कैलास मात्र या बेतातून काढून टाकावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. लेह-नुब्रा करून आलेल्या माणसाला इथले रस्ते सोपे वाटतात. वेळ जातो तो चौक्या, परवाने आणि सुट्ट्यांमध्ये. त्यामुळे इथला बेत आधी कागदपत्रे आणि उंची पाहून आखावा आणि किलोमीटर नंतर मोजावेत.

मोटारसायकलींचे आधी सांगतो. आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना चीनमध्ये चालत नाही आणि इतर अनेक देशांत सीमाशुल्कासाठी चालणारे कार्नेही तिथे उपयोगी पडत नाही. परदेशी वाहन आत न्यायचे तर चिनी एजन्सीमार्फत आधी अर्ज करावा लागतो, मार्ग आणि तारखा लिहून द्याव्या लागतात, सीमेवर वाहनाची तपासणी होते, तात्पुरती नंबरप्लेट व तात्पुरता चिनी परवाना मिळतो, आणि सबंध प्रवासभर एक मार्गदर्शक सोबत असावा लागतो, ज्याच्या राहण्याजेवणाचा खर्च आपलाच. महिनोन्‌महिने आशिया पालथा घालणाऱ्यांना हा खटाटोप परवडतो. तीन आठवड्यांसाठी मोटारसायकली ओशपर्यंत पाठवून हे सारे करणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. चौघांत चालकासह भाड्याची गाडी करावी आणि लांबचे टप्पे रेल्वेने गाठावेत.

कैलासाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नकाशावर ती रेघ फार मोहक दिसते. येचंगहून निघणारा जी २१९ अक्साई चीनमधून जातो. हा प्रदेश भारत स्वतःचा मानतो. १९५०च्या दशकात चीनने हा रस्ता तिथून काढला आणि १९५८ मध्ये भारताने त्याबद्दल अधिकृत निषेध नोंदवला. भारतीय पासपोर्टवर या मार्गाचा परवाना मागत बसणे मला व्यवहार्य वाटत नाही. राजकारण बाजूला ठेवले तरी तिबेटमध्ये कोणत्याही परदेशी माणसाला एकट्याने हिंडता येत नाही: तिबेटचा प्रवास-परवाना, नोंदणीकृत एजन्सी आणि मार्गदर्शक लागतातच, आणि कैलास ज्या न्गारी भागात आहे तिथे आणखी वेगळे परवाने लागतात. शिवाय येचंग साधारण १,४०० मीटरवर आहे आणि तिथून निघालेली गाडी दुसऱ्याच मुक्कामाला ४,००० मीटरच्या वर झोपायला लावते. पुढची खिंड तर ५,२०० मीटरच्याही वर जाते. वाटेत मागे उतरून जाण्यासारखी सखल जागा नाही. उंचीचा त्रास झालेल्या माणसाला लगेच खाली नेणे हाच खरा उपाय असतो आणि नेमका तोच इथे हाताशी नसतो. कैलासाला जायचे असेल तर परराष्ट्र मंत्रालयाची यात्रा २०२५ पासून पुन्हा सुरू झाली आहे. त्या वर्षी लिपुलेखमार्गे ५० जणांच्या ५ आणि नाथू लामार्गे १० तुकड्या ठरवल्या होत्या. नेपाळमधील एजन्सींच्या गटांबरोबरही जाता येते. ती यात्रा वेगळ्या वर्षी, वेगळ्या तयारीने करावी.

आता तारखा. सप्टेंबरअखेर निघालात तर १ ऑक्टोबरपासूनचा चिनी राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा नेमका मध्ये येतो. त्या दिवसांत चीनमधील निम्मे शहरवासी पश्चिमेकडे निघाले आहेत की काय असे वाटते, हॉटेलांचे दर चढतात, रेल्वेची तिकिटे मिळत नाहीत आणि भूसीमाही बंद राहतात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सीमा ओलांडून २८ तारखेच्या आत परत यावे, हा माझा पहिला पर्याय. दुसरा पर्याय ८ ऑक्टोबरनंतर निघण्याचा: महिन्याच्या उत्तरार्धात तारीम खोऱ्यातील वाळवंटी पॉप्लरची झाडे सोनेरी होतात आणि ते दृश्य खरोखर पाहण्यासारखे असते, मात्र ओशकडच्या ३,६०० मीटरच्या ताल्दिक खिंडीत तोवर बर्फ पडू शकते. वसंत ऋतू टाळावा, कारण तो वाळूच्या वादळांचा काळ आहे.

भारतीयांना चीनसाठी आधी व्हिसा काढावाच लागतो. पर्यटक व्हिसा २४ जुलै २०२५ पासून पुन्हा दिले जाऊ लागले आहेत. ओशहून इर्केश्तामची सीमा साधारण अडीचशे किलोमीटर आहे. वाटेत ३,१०० मीटरच्या वर वसलेल्या सारी-ताशला मुक्काम केला तर सकाळी लवकर सीमेवर पोहोचता येते आणि शरीरालाही उंचीची थोडी ओळख होते. (ओशमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारी भारतीय मुले बरीच आहेत, त्यामुळे वरण-भाताचे शेवटचे जेवण तिथेच उरकून घ्यावे.) चिनी बाजूला पहिल्या चौकीवर सामान उघडून पाहतात, फोनही तपासतात, आणि मग ठरलेल्या टॅक्सीतून सुमारे १४० किलोमीटरवरील वुचिया इथे नेतात, जिथे पासपोर्टवर शिक्का बसतो. या टप्प्यात पासपोर्ट बहुधा टॅक्सीचालकाच्या हाती दिले जातात. त्याने घाबरून जाऊ नये. शनिवार-रविवारी सीमा बंद असते आणि दुपारी जेवणाची सुट्टीही लांबलचक असते, म्हणून सोमवार ते गुरुवार यांतलाच दिवस धरावा. शुक्रवारी काही अडले तर दोन दिवस वाया जातात.

घड्याळाचा घोळ इथूनच सुरू होतो. सबंध चीनमध्ये बीजिंगची एकच वेळ चालते, पण काशगर हे जवळजवळ आपल्या भुसावळच्या रेखांशावर आहे. भुसावळची घड्याळे अडीच तास पुढे केली तर काय होईल, तेच तिथे रोज होते: सप्टेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि रात्री नऊच्या सुमारास मावळतो. रेल्वे, कचेऱ्या आणि हॉटेले बीजिंगच्या वेळेने चालतात. बाजारातले उइघुर लोक (इथले मूळचे तुर्कवंशी मुस्लिम) आपापसांत त्याहून दोन तास मागची स्थानिक वेळ सांगतात. गाडीवाल्याशी वेळ ठरवताना कोणती वेळ ते आधी विचारावे, नाही तर दोन तास ताटकळणे ठरलेले.

काशगरला घाई करू नये. इद काह मशिदीचा परिसर आणि रविवारचा जनावरांचा बाजार यांसाठी दोन दिवस द्यावेत; त्याच वेळात ताश्कुर्गानसाठी लागणारा सीमाक्षेत्राचा परवाना हॉटेल किंवा एजन्सीमार्फत काढून होतो. काशगर १,३०० मीटरवर आहे, ताश्कुर्गान ३,१०० मीटरच्या आसपास आणि त्याच्या पुढची, पाकिस्तानच्या सीमेवरची खुंजेराब खिंड जवळजवळ ४,७०० मीटरवर. वाटेत ३,६०० मीटरवरचे काराकुल सरोवर आहे, त्याच्या काठावरून ७,५०० मीटरहून उंच मुझताघ अता समोर दिसतो. सरोवर पाहून ताश्कुर्गानला उतरून झोपावे, दुसरा दिवस तिथेच काढावा आणि खिंडीचा विचार तिसऱ्या दिवशी करावा. दोन-दोन दिवसांत सारे उरकणाऱ्या सहली काशगरमध्ये विकल्या जातात. त्यांतील निम्मे प्रवासी खिंडीत डोके धरून बसलेले दिसतात. ताश्कुर्गानच्या जुन्या दगडी किल्ल्यावर उभे राहताना आपल्या वाचकांना एक गोष्ट आवडेल: पुलकेशीच्या काळात महाराष्ट्र पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवणारा ह्युएनत्संग परतीच्या वाटेवर याच दऱ्यांतून काशगर आणि होतानकडे गेला होता.

वाळवंटासाठी काशगरहून रेल्वेने यारकंद आणि होतान करावे आणि तिथून नीयाकडे निघावे. जून २०२२ मध्ये होतान ते रुओचियांग हा ८२५ किलोमीटरचा रेल्वेमार्ग सुरू झाल्यापासून ताक्लामाकानभोवती लोहमार्गाचे पूर्ण कडे झाले आहे, त्यामुळे वाळवंटाला वळसा घालणे आता सोपे आहे. तरीही ते एकदा मधून ओलांडावे. नीया ते लुनताई हा तेलक्षेत्रासाठी बांधलेला महामार्ग १९९५ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या ५२२ किलोमीटरपैकी ४४६ किलोमीटर सरकत्या वाळूतून जातात. लोक टेकड्यांचे फोटो काढून पुढे जातात, पण खरे पाहायचे आहे ते रस्त्याच्या कडेला. दोन्ही बाजूंना झाऊ आणि सॅक्सौलच्या झुडपांचा पट्टा आहे, प्रत्येक ओळीत काळ्या ठिबकनळ्या टाकलेल्या आहेत, आणि दर चार किलोमीटरच्या सुमारास विहीर व पंपाची निळ्या छपराची खोली आहे. अशा शंभराहून अधिक खोल्या आहेत आणि तिथे राहून पाणी सोडणारी बहुतेक नवरा-बायकोची जोडपी असतात. पाणी खारट आहे. नळीच्या थेंबाखाली झाऊच्या बुंध्याभोवती मिठाचे पांढरे कडे साचलेले दिसते आणि झाड मात्र हिरवे असते. पट्ट्याच्या पलीकडे वेताचे चौकोन वाळूत खोचून टेकडी रोखून धरलेली आहे. ठिबक सिंचनाशी नाते असलेल्या माणसाने तरी इथे गाडी थांबवून पाच मिनिटे खाली उतरावे. मध्यावर ताझोंग ही तेलकामगारांची वस्ती आहे. जेवण आणि इंधन तिथेच मिळते, म्हणून निघताना टाकी भरलेली आणि पाणी पुरेसे असावे.

पेट्रोल पंपावरची पद्धत पाहून पहिल्यांदा चमकायला होते. पंपाला कुंपण आणि अडसर असतो, प्रवाशांना बाहेरच उतरवतात, चालक ओळखपत्र दाखवून एकटा आत जातो आणि इंधन भरून पलीकडच्या दाराने बाहेर येतो. डबा घेऊन गेल्यास भरून मिळत नाही. शहरांच्या वेशीवरील चौक्यांतही परदेशी पासपोर्ट वेगळ्या खिडकीवर न्यावा लागतो. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांच्या छापील प्रती चार-पाच ठेवाव्यात, त्याने चौकीवरचा वेळ वाचतो. रेल्वे स्थानकांवर चाकू, लायटर आणि फवाऱ्याचे डबे काढून घेतात. हॉटेल आरक्षित असले तरी परदेशी माणसाला ठेवून घेतील याची खात्री फोन करून घ्यावी.

शिनजियांगमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०१७ पासून उइघुर लोकांना मोठ्या प्रमाणात स्थानबद्ध केले गेले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने त्यावर गंभीर अहवाल प्रसिद्ध केला. तिथे जावे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. मी त्याबद्दल कुणाला दोष देणार नाही. गेलात तर चहाच्या दुकानात बसलेल्या माणसाला राजकारणाबद्दल काही विचारू नये, त्याच्या घरी येण्याचा आग्रह धरू नये, चौकी व पोलिसांचे फोटो काढू नयेत आणि फोनमध्ये या विषयाची सामग्री ठेवू नये. चौकशी झालीच तर ती आपल्यापेक्षा त्याला फार महागात पडते.

पैशांसाठी अलिपे आणि वीचॅट ही दोन्ही ॲप घरूनच व्हिसा किंवा मास्टरकार्डशी जोडून घ्यावीत; अलिपेवर २०० युआनपेक्षा मोठ्या व्यवहाराला ३ टक्के शुल्क लागते. बँकेचा ओटीपी भारतीय क्रमांकावरच येतो, म्हणून त्या सिमचे रोमिंग चालू ठेवावे. रोमिंगच्या डेटावर व्हॉट्सॲपही चालते, जे चिनी सिमवर चालत नाही. नकाशासाठी अमॅप वापरावा; चिनी नकाशांचे निर्देशांक मुद्दाम सरकवलेले असल्याने भारतातून साठवून नेलेले बिंदू तिथल्या नकाशावर काहीशे मीटर इकडेतिकडे दिसतात.

आपल्यापैकी दोघे शाकाहारी आहेत असे लिहिले आहे. पुलाव मेंढीच्या चरबीत शिजतो, त्यामुळे वरचे मटण बाजूला काढून उपयोग नाही. टोमॅटो-अंड्याच्या लग्मान शेवया, तंदुरातील नान, दही आणि फळे यांवर अंडे चालणाऱ्याचे छान निभते. अंडेही न चालणाऱ्याने मेतकूट, भाजणी, तयार उपम्याची पाकिटे असे काही सोबत न्यावे. रेल्वेच्या प्रत्येक डब्यात उकळते पाणी मिळते, तेव्हा पाकिटांची सोय होते.

रेल्वेची तिकिटे १५ दिवस आधी खुली होतात आणि पासपोर्ट क्रमांकावर निघतात. म्हणून आधी सीमा ओलांडण्याचा वार ठरवावा, त्यावरून काशगरचे दिवस मांडावेत आणि होतानची तिकिटे खुली होतील त्या सकाळी काढावीत. परतीचे विमान उरुमचीहून घेतले तर पुन्हा ओशला जाण्याचे दिवस वाचतात, आणि कुचा किंवा तुर्फान यांपैकी एक ठिकाण सावकाश पाहता येते. दोन्ही घालण्याचा मोह टाळावा.