आधी गादी, मग बाराखडी

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

परवाच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर घ्यायला तुमची ओळ उठली आणि तू खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसलास. मी मागच्याच बाकावर होते. नाडी सुटलेली नव्हती. तू ती सोडलीस, बांधलीस, परत सोडलीस. ओळ जाऊन परत आली तरी तुझी मान वर झाली नाही. नंतर फाटकापाशी गाठलं तर म्हणालास, "मावशी, मी अजून त्या लायक नाही. मी नावालाच ख्रिस्ती आहे." आणि गाडी चालू करून फत्तेगंजच्या गर्दीत निघूनही गेलास.

तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून हटत नाही. काय घडलं ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही. सांगावंसं वाटलं तर सांग. प्रार्थना कर, वचन वाच, धीर सोडू नकोस, असलं काही मी लिहीत बसणार नाही; ते तुला पाठ आहे, मीच तर पाठ करून घेतलं.

माझं म्हणणं एकच आहे. तू क्रम उलटा धरलायस. आधी लायक व्हायचं, मग मेजाशी जायचं. आधी सुधारायचं, मग देवाचं लेकरू म्हणवून घ्यायचं. बडोद्यात वाढलेल्या मुलाने तरी हा क्रम उलटा धरू नये.

काळ्या घोड्याच्या पुतळ्यावरून रोज युनिव्हर्सिटीत जातोस ना? त्या घोड्यावर बसलेला माणूस बारा वर्षांचा होईपर्यंत नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात होता. गोपाळराव नाव. शेतकऱ्याचं पोर, अक्षरओळख नाही. १८७५ साली बडोद्याच्या मल्हारराव महाराजांना गादीवरून काढलं, त्यांच्या आधीच्या खंडेराव महाराजांच्या विधवा जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली, खेड्यातून मुलं आणवली. इथे का आलास असं विचारल्यावर हा पोरगा म्हणाला, राज्य करायला आलो, असं आपल्याकडे सगळेच सांगतात. २७ मे १८७५ ला दत्तकविधान झालं आणि गोपाळरावाचे सयाजीराव झाले. त्यानंतर बाराखडी सुरू झाली. मराठी, गुजराती, इंग्रजी, हिशेब, घोड्यावर बसणं. शिकवायला इलियट साहेब, कारभार बघायला दिवाण माधवराव. राज्याचे पूर्ण अधिकार हातात आले ते २८ डिसेंबर १८८१ ला. मधली साडेसहा वर्षं तो पोरगा चुकत असेल, अडखळत असेल, रडलाही असेल. पण ज्या दिवशी त्याला 'अ' काढता येत नव्हता त्या दिवशीही तो महाराजच होता. आधी गादी, मग बाराखडी. हे उदाहरण मी संडे स्कूलला इतक्यांदा दिलंय की पोरं माझ्याआधी म्हणतात. तूही म्हणायचास.

ही माझी पदरची जोड नाही. प्रेषित पौलाने आपल्या पत्रांत मूळ ग्रीकमध्ये जो शब्द वापरलाय त्याचा अर्थच मुलाच्या जागी ठेवणं, म्हणजे दत्तक. पाच ठिकाणी आहे: तीनदा रोमकरांस पत्रात, एकदा गलतीकरांस, एकदा इफिसकरांस. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, रोम ८:१५ ला 'दत्तकपणाचा आत्मा' असं आलंय, आणि त्याच्यासमोर कोणता शब्द ठेवलाय बघ: 'दासपणाचा आत्मा', जो 'पुन्हा भीती बाळगावी' म्हणून असतो. तू बुटाशी वाकला होतास तेव्हा तुझ्यात ही भीती होती. तिला तू नम्रता म्हणतोस. मीही म्हणायचे.

उदाहरण शंभर टक्के जुळत नाही, मला माहीत आहे. सयाजीराव गायकवाडांच्याच दूरच्या शाखेतले होते, रक्ताचा धागा होता. त्यांना पारखून घेतलं. आपल्या बाबतीत तर तेही नाही. योहान १:१२ काढ. त्याच्या नावावर विश्वास ठेवणाऱ्यांना त्याने देवाची मुलं होण्याचा 'अधिकार' दिला. पुढच्याच ओळीत सांगून टाकलंय की हा जन्म रक्ताचा नाही, देहाच्या इच्छेचा नाही. म्हणजे तुझे आजोबा नगरकडून ख्रिस्ती म्हणून आले, तुझे वडील मंडळीचे एल्डर आहेत, तुझं नाव रजिस्टरात आहे, याने काही होत नाही. तेवढ्यापुरतं 'नावालाच ख्रिस्ती' हे खरं ठरलं असतं. पण तू विश्वास ठेवला आहेस. तुझ्या दृढीकरणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर विश्वास कबूल केलास तेव्हा, मी तुझ्या डोळ्यांत बघत होते, मला कुणी शिकवू नये.

आता माझं सांगते. हे मी मंडळीत कधी बोललेले नाही.

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत एका कारखान्यात मी एकोणतीस वर्षं अकाउंट्सला होते. सवयच लागली. लग्नानंतर मांडवीतून एक लाल कापडी बांधणीचा चोपडा आणला आणि स्वतःचा हिशेब मांडायला लागले. डावीकडे जमा: पहाटेची प्रार्थना, दोन अध्याय, आजारी बाईची भेट. उजवीकडे नावे: सासूबाईंशी खोटं बोलले, मुलावर हात उचलला, प्रार्थनेत मन दुसरीकडे. महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या रात्री बेरीज. जमा जास्त निघाली तर सकाळी मेजाशी जायचं, नाहीतर पोटात दुखतंय म्हणून बाकावर बसायचं. आठ वर्षं चाललं. ९६ पहिले रविवार, त्यांत मी उठले २९ वेळा. आकडा अंदाजाचा नाही, चोपड्यात आहे. आणि त्या २९ वेळा मी जे खाल्लं ते प्रभूच्या हातचं खाल्लंच नाही. स्वतःच्या कमाईचं म्हणून खाल्लं.

आमचे हेड कॅशियर गुजराती होते, देवभक्त, वैष्णव. कुणी दोन रुपयांच्या फरकावर "जाऊ द्या ना काका" म्हटलं की ते चश्मा काढून म्हणायचे, "हिसाब कोडीनो, बक्षिस लाखनी." हिशेब कवडीचाही चोख, बक्षीस द्यायचं तर लाखाचं. दोन्हींची वही वेगळी, मिसळायची नाही. एकदा दुपारी डबा खाताना रोम ४ वाचत होते, आणि चौथ्या-पाचव्या ओवीवर हात थांबला. जो काम करतो त्याची मजुरी ऋण म्हणून गणली जाते, मेहेरबानी म्हणून नाही. पण जो काम करत नाही, तर अधर्म्याला नीतिमान ठरवणाऱ्यावर विश्वास ठेवतो, त्याचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला जातो. काकांचंच वाक्य! त्या एका अध्यायात मुळात 'गणणे' हे क्रियापद अकरा वेळा आलंय, आणि ते हिशेबाच्या वहीतलं क्रियापद आहे. मी खतावणी लिहून पोट भरणारी बाई, आणि आठ वर्षं मला माझ्याच धंद्यातला शब्द दिसला नव्हता.

मग २ करिंथ ५:२१ वाचलं तेव्हा सरळ नोंद दिसली. ज्याला पाप ठाऊक नव्हतं त्याला आपल्यासाठी पाप असं केलं, म्हणजे आपण त्याच्या ठायी देवाचं नीतिमत्त्व व्हावं. एक नोंद, दोन खाती. फिलेमोनाला लिहिताना पौल त्याच्या पळून गेलेल्या दासाबद्दल, अनेसिमाबद्दल, तेच करतो: याचं काही देणं असेल तर माझ्या हिशेबी मांड. आपली बाकी त्याच्या नावे पडली आणि त्याचं नाव आपल्याला लागलं. तू म्हणतोस 'नावालाच ख्रिस्ती'. अरे, नावच तर मिळालंय! तेच आधी मिळतं. आधी गादी, मग बाराखडी.

पण तोवर एक नुकसान होऊन गेलं होतं. माझ्या मुलासाठी मी भिंतीवर तक्ता लावला होता. वचन पाठ केलं की चांदणी, खोटं बोलला की चांदणी नाही. सहा-सात वर्षांचा होता. एका संध्याकाळी तक्त्यासमोर उभा राहून त्याने विचारलं, "आज चांदणी नाही, म्हणजे आज येशू माझा नाही का?" मी कणीक मळत होते. हात न थांबवता म्हटलं, "मग उद्या नीट वाग." बस, तेवढंच. आता तो कॅनडात आहे. रविवारी न चुकता फोन करतो, तब्येत विचारतो, पैसे पाठवू का विचारतो. चर्चचं नाव काढत नाही आणि मी विचारत नाही. त्या कणकेच्या हातांनी त्याला तेव्हाच उचलून घेतलं असतं आणि "चांदणी असो नसो, तू त्याचाच" असं म्हटलं असतं तर काय झालं असतं, हे मला आता कळणार नाही.

मी वाईट आई नव्हते. यांची पाळी रात्रीची, माझी नोकरी, सासूबाई अंथरुणाला. मला जे शिकवलं गेलं तेच मी पुढे दिलं. त्या वेळी आमच्या व्यासपीठावरून दर रविवारी लायकीचंच ऐकू यायचं. कुणीतरी मला आधी सांगायला हवं होतं. मला कुणी सांगितलं नाही म्हणून तुला सांगतेय, आणि स्त्रीमंडळात कुणी म्हणत असेल की ही बाई पापाला सवलत देते, पोरांना सैल सोडते, तर म्हणोत. मी या मुद्द्यावर हटणार नाही. आठ वर्षांची किंमत मोजलीय.

तू म्हणशील, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात लिहिलंय ना, प्रभुभोजन अयोग्य प्रकारे खाऊ नका म्हणून? लिहिलंय. पण नीट वाच. 'अयोग्य माणसाने' असं लिहिलेलं नाही, 'अयोग्य प्रकारे' असं लिहिलंय. करिंथात काय चाललं होतं ते वर एकविसाव्या ओवीत आहे: एक जण भुकेला राहतो, दुसरा पिऊन झिंगतो. पैसेवाले आधी येऊन खाऊन मोकळे, आणि राबून उशिरा येणारे उपाशी. त्या वागण्याला पौल चिडलाय. आणि अठ्ठाविसाव्या ओवीत आत्मपरीक्षण करायला सांगून शेवट काय केलाय? 'मग त्या भाकरीतून खावे.' परीक्षण करून बाकावर बसावे, असं लिहायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. तो खायलाच सांगतो.

आणि मग कसंही वागायचं का, हा प्रश्न मला विचारू नकोस. पौलाने तो रोम ६ च्या पहिल्याच ओवीत स्वतः विचारून ठेवलाय, आणि ज्याला कृपा खरंच कळली त्यालाच तो सुचतो. सयाजीराव गादी मिळाली म्हणून लोळत पडले का? १९०६ साली त्यांनी अख्ख्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. ज्याला बाराव्या वर्षापर्यंत वाचता येत नव्हतं, त्याने! अभ्यास त्यांनी गादी मिळावी म्हणून केला नाही. गादी मिळाली होती म्हणून केला. तुलाही बदलावं लागेल, मी सोडणार नाही तुला. जे बिघडवलंस ते निस्तरायला लावीन, ज्याची माफी मागायची त्याच्या दारात नेऊन उभं करीन. पण मुलगा म्हणून जाशील तिथे, उमेदवार म्हणून नाही.

पंडिता रमाबाईंचं सांगून थांबते. बाप्तिस्मा १८८३ ला, इंग्लंडात. आणि त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. एवढी विदुषी, मूळ भाषांवरून अख्खं शास्त्र मराठीत आणणारी, तिलाही आठ वर्षं. माझीही आठच गेली, तेव्हा ते वाचून मी रडले होते. तुझी जाऊ नयेत. युवक शिबिरात दरवर्षी वक्त्याने विचारलं की हात वर करतोस, पुन्हा समर्पण, पुन्हा पहिल्यापासून. तीनदा पाहिलंय मी. दत्तकविधान दरवर्षी करतात का रे?

रोम ८:१ ला आपल्या शास्त्रात 'दंडाज्ञा नाहीच' आहे. नुसतं 'नाही' नाही, 'नाहीच'. तो 'च' पेन्सिलीने गोल करून ठेव.

चोपडा अजून आहे माझ्याकडे. टाकवला नाही. मागची कोरी पानं दूधवाल्याच्या हिशेबाला घेतलीत. गुरुवारी ये, तुला दाखवते, मग रोम ४ बसून वाचू. अकरा 'गणणे' तू शोधायचे. सव्वासहानंतर ये, त्याआधी पाणी येतं. आणि येत्या पहिल्या रविवारी मी तुझ्या शेजारीच बसणार आहे, कडेच्या बाजूला. माझे गुडघे तुला माहीत आहेत, ओळ उठली की मला हात द्यावा लागेल.

तुझी,
मावशी