नरलांडग्यांच्या प्रेमकथा वाचायला घेताना

या कथांमध्ये पौर्णिमेला माणसाचा लांडगा होण्यापेक्षाही अधिक महत्त्व नियतीने ठरवलेल्या जोडीदाराला असते. गंधावरूनच ओळख पटते, त्यामुळे खरी उत्कंठा नायिकेच्या संमतीपाशी येऊन थांबते. म्हणून जिथे ती नकार देऊ शकते आणि कळपालाही तो नकार मानावा लागतो, अशीच कादंबरी तुम्ही प्रथम निवडावी, असे मी आग्रहाने सांगेन. हुकूम गाजवणारा ‘अल्फा’, म्हणजे कळपाचा म्होरक्या, मात्र कल्पनेतलाच समजावा. रानातला कळप म्हणजे बहुधा आईवडील आणि त्यांची पिल्ले असतात, हे डेव्हिड मीच या लांडग्यांच्या संशोधकाने १९९९ मध्ये मांडले. आपल्या सातारा जिल्ह्यातील माण-खटावच्या माळावर मेंढपाळांना धास्ती घालणारा लांडगाही असाच कुटुंबात राहतो, आणि कळपाचे हे आपलेपणच मला या कथांकडे ओढून नेते. मालिका असल्यास पहिल्या भागापासूनच वाचावे, कारण कळपाचे नियम बहुधा तिथेच उलगडतात.