आधी न बघता काढ

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. शेवटच्या वर्षाला एका जुन्या इमारतीचा अभ्यास करायचाय आणि तू हंपी की जयपूर यात अडकलीस. वर लिहिलंयस, ‘कोल्हापुरातलं सगळं बघून झालंय, टाउन हॉल तर बालवाडीच्या सहलीपासून पाठ आहे.’ बरं. मग हा कागद बाजूला ठेव आणि सांग, टाउन हॉलच्या पुढच्या बाजूला कमानी किती? टोकदार की गोल?

नाही ना सांगता येत? लाजू नकोस. मीही चाळीस वर्षं पाठच आहे म्हणत होतो.

मी सात वर्षांचा असताना आई थोरल्या दवाखान्यात होती. आता सगळे सीपीआर म्हणतात, आमच्या घरात तो अजून थोरला दवाखानाच. पोरांना वॉर्डात सोडत नसत, म्हणून आजी मला घेऊन समोरच्या टाउन हॉलच्या बागेत बसायची. आमच्यासारखी खूप माणसं असायची तिथं. कुणी राधानगरीकडचं, कुणी गडहिंग्लजचं. झाडाखाली फडकं सोडून भाकरी-खर्डा खाणारी, मधेच उठून दवाखान्याच्या फाटकाकडे बघून येणारी. मी बागेतल्या तोफेवर घोडा घोडा करायचो. दुपारी ती अशी तापायची की चड्डीतून चटका बसायचा, तरी उतरायचो नाही. आजी म्हणायची, “उतर, माळी आला बघ.” माळी कधी आला नाही.

मागची ती काळ्या दगडाची, दोन टोकदार मनोऱ्यांची इमारत मला दवाखान्याचाच एक भाग वाटायची. आत गेलो तो थेट पंचेचाळिशीत, शाळेची पोरं घेऊन. त्या दिवशी तोफ माझ्या कमरेलाही लागेना. मी तिच्याकडे बघतच राहिलो आणि रांगेतली दोन पोरं तेवढ्यात भेळेच्या गाडीवर पसार झाली.

म्हणून तुला पहिलं काम सांगतो. जायच्या आधी घरी बसून टाउन हॉल आठवणीतून काढ. बाग, वाट, दार, आत काय होतं, सगळं. मोबाईलवर फोटो बघायचे नाहीत, खोडरबर वापरायचा नाही. चुकलेलं चुकलेलंच राहू दे. मग तो कागद घेऊन इमारतीसमोर उभी राहा. जिथं जिथं फरक पडेल तिथं लाल खूण कर. तुझा अभ्यास त्या लाल खुणांपासून सुरू होईल, माहितीच्या फलकापासून नाही.

अशा तयार माहितीचं म्हणशील तर मी स्वतः तोंडावर आपटलोय. एका छोट्या लेखात लिहून बसलो की टाउन हॉल शाहू महाराजांनी बांधला. कोल्हापुरात जुनं आणि चांगलं दिसलं की आपण डोळे मिटून महाराजांच्या नावावर घालतो. आठवड्यात एका निवृत्त कारकुनाचं पोस्टकार्ड आलं: ‘बांधकाम १८७२ ते १८७६. महाराजांचा जन्म १८७४. पायथ्याचे दगड त्यांनी कोणत्या जन्मी रचले?’ ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

बांधणारा होता मेजर चार्ल्स मँट, इंग्रजांच्या लष्करातला इंजिनिअर. आपला नवा राजवाडा त्याचाच आराखडा, बडोद्याचा लक्ष्मीविलासही. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपले राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावरून परतताना १८७० साली इटलीत फ्लॉरेन्सला वारले, वय अवघं वीस. तिथं नदीच्या संगमावर त्यांचं दहन झालं. त्या जागी, तिथल्या सार्वजनिक बागेत, त्यांच्या स्मारकाची छत्री आहे. तीही मँटनंच आखलेली. म्हणजे इकडे आपला टाउन हॉल चढत होता तेव्हाच तिकडे आपल्या राजाची छत्री उभी राहत होती. हंपीला जायच्या आधी एवढा धागा तरी ओढून बघ.

आत गेलीस की एकदम सगळी दालनं फिरू नकोस. १९४६ साली सुरू झालेलं वस्तुसंग्रहालय १९४९ मध्ये या इमारतीत आलं. मूळ कारण ब्रह्मपुरी. पंचगंगेच्या काठावरच्या त्या टेकाडात सातवाहनकाळातली वस्ती निघाली, सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी १९४५-४६ ला तिथं पद्धतशीर उत्खनन केलं. पण मला विचारशील तर त्याच्या थोडं आधी सापडलेल्या काशाच्या वस्तूंपाशी थांब. त्यात पोसायडनची मूर्ती आहे, रोमन जगातल्या समुद्रदेवाची. वीतभरही नाही. एक हात वर उचललेला, त्यातलं त्रिशूळ गेलेलं. समुद्र इथून घाट उतरून किती लांब! कुणीतरी तो देव बंदरात उतरवून घेतला, बैलाच्या नाहीतर माणसाच्या पाठीवर घाट चढवला आणि पंचगंगेच्या काठी आणून ठेवला.

त्याच्यासमोर अर्धा तास बस आणि फक्त तो उचललेला हात काढ. अर्ध्या तासात कंटाळा येईल, येऊ दे. मला तिसऱ्या खेपेला कळलं की त्याचा सगळा भार एकाच पायावर आहे.

बागेसाठी वेगळा दिवस ठेव. तिथं मोजपट्टी नको, पावलांनी मोज. माळ्याला झाडांची नावं विचार आणि तो म्हणेल तीच लिही, लॅटिन नंतर. आणि दवाखान्यातल्या माणसांसाठी डबा घेऊन बसलेले लोक आजही दिसतील. त्यांचे फोटो काढू नकोस. नकाशात मात्र ते कुठल्या झाडाखाली बसतात याची नोंद कर. सावली कशी फिरते आणि माणसं तिच्यामागून कशी सरकतात, हे तुझ्या कॉलेजच्या कुठल्याच तक्त्यात बसणार नाही. तरी घाल. मास्तरांनी विचारलं तर माझं नाव सांग.

सोमवारी येऊ नकोस, संग्रहालय बंद असतं. मंगळवारी सकाळी ये. दार उघडेपर्यंत बागेतच बसू. भाकरी मी आणतो, खर्डा तुझ्या आईच्या हातचा आण. आणि तो न खोडलेला कागद.

तुझा,
चित्रकलेचा मास्तर